गिळवेनासे झाले की डॉक्टरांना कसे दाखवावे

यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीमागे मी 22 वर्षे काढली. "घशाच्या गोळ्या देऊन द्या, लय दुखून राहिला," असे म्हणत थेट खिडकीवर येणारी माणसे जवळजवळ रोज भेटत. त्यांनी केसपेपर काढलेला नसे, डॉक्टरांना दाखवलेले नसे, आणि मागच्या वेळच्या गोळ्यांचा रंग तेवढा त्यांच्या लक्षात असे. मी प्रत्येकाला डॉक्टरांच्या खोलीकडे परत पाठवत असे आणि त्यापायी पुष्कळांचा राग ओढवून घेत असे. माझे म्हणणे एवढेच होते, की पोटात काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, पण घसा नुसत्या टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी पाहता येतो. मग तो न पाहता औषध देणे किंवा घेणे याला काहीच आधार उरत नाही. आजही माझे मत तेच आहे. बदलीवर आलेले शिक्षक आणि बँकेचे कर्मचारी, जिनिंगवर किंवा विटाभट्टीवर कामाला आलेली कुटुंबे, नव्याने सासरी आलेल्या मुली, अशा ज्यांना इथे दवाखान्याची वाट अजून ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आजच जायचे, की थोडे थांबायचे

घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे होतात. सोबत नाक गळते, खोकला असतो, आवाज बसतो, डोळे चुरचुरतात. तीन-चार दिवस त्रास वाढतो आणि साधारण आठवड्याभरात माणूस बरा होतो. या दुखण्यावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही, कारण ती औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. प्रकृती एरवी ठणठणीत असेल, पाणी आणि पातळ अन्न गिळता येत असेल आणि ताप फारसा नसेल, तर दोन-तीन दिवस घरी विश्रांती घेऊन वाट पाहण्यास हरकत नाही.

मात्र ताप 101 अंशांच्या पुढे जात असेल, थुंकी गिळतानाही काटे टोचल्यासारखे होत असेल, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आल्या असतील, अंगावर बारीक खरखरीत पुरळ उठले असेल, किंवा तीन दिवसांत उतार पडण्याऐवजी दुखणे वाढतच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. 5 ते 15 वर्षे वयाच्या मुलाला तापासह घशाचे दुखणे असेल आणि खोकला-सर्दी अजिबात नसेल, तर एक दिवसही थांबू नये असे मी म्हणेन. त्याचे कारण पुढे येईल. गरोदर स्त्रिया, मधुमेही, आणि कर्करोगाचे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू असलेले रुग्ण यांनीही थांबू नये. वाढलेल्या थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी तर त्याच दिवशी जावे, कारण या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात आणि त्याची पहिली खूण बहुधा ताप आणि घसादुखी हीच असते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांना ताप आला आणि गिळता न आल्याने पाणी कमी पडले, तर अंगदुखीचा तीव्र झटका सुरू होऊ शकतो. घरात कोणाकडे सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोबत घेऊन लगेच निघावे.

आता तातडीच्या खुणा. रुग्णाला स्वतःची लाळ गिळता येत नसेल आणि ती तोंडातून ओघळत असेल, श्वास आत घेताना घर्र किंवा शिटीसारखा आवाज येत असेल, तो पुढे झुकून हनुवटी वर करून बसत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नसेल, एकाच बाजूला असह्य ठणका असून तोंडात घास धरून बोलल्यासारखा आवाज येत असेल, किंवा मान दोन्ही बाजूंनी सुजली असेल, तर बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून विनामूल्य चालते. फोनवर नुसते गावाचे नाव सांगून भागत नाही, कारण खैरी, बोरगाव, पिंपळगाव या नावांची गावे विदर्भात तालुक्यागणिक सापडतात. गाव, तालुका, जिल्हा आणि रस्त्यावरची ठळक खूण, म्हणजे बसथांबा, जिनिंग किंवा शाळा, या क्रमाने सांगावे आणि एक माणूस त्या खुणेपाशी उभा करावा. अशा रुग्णाला आडवे झोपवू नये. आणि घशात काय आहे ते पाहण्यासाठी चमचा किंवा बोट घालू नये, हे विशेष लक्षात ठेवावे, कारण जिभेमागची सूज दाबली गेल्यास श्वासाची वाट पूर्ण बंद होऊ शकते. काही घरांत "पडजीभ उतरली" म्हणून ती बोटाने वर दाबतात. तो प्रकार अशा वेळी जिवावर बेतू शकतो.

एक खूण आपल्या भागाची म्हणून वेगळी सांगतो. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचा घसा आणि छाती जळजळत असेल, सोबत मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा डोकेदुखी असेल, तर तो घशाचा संसर्ग समजू नये, ती विषबाधा असू शकते. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा माणसाचे कपडे ताबडतोब बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत घेऊन सरळ मोठे रुग्णालय गाठावे. बाटली नेली तर डॉक्टरांना उपचार ठरवणे फार सोपे जाते.

कोणाकडे जायचे

गावात आशाताई असतात, आणि जवळच्या उपकेंद्रात नर्सबाई, आरोग्य सेवक आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. नवीन माणसाने गावात आल्यावर पहिल्या आठवड्यातच आशाताईंचा फोन नंबर घेऊन ठेवावा, आजारी पडण्याची वाट पाहू नये. कोणता डॉक्टर कोणत्या दिवशी असतो, एसटी किती वाजता आहे आणि ती चुकली तर काळीपिवळी कुठून मिळते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. घशाच्या तीव्र दुखण्यासाठी मात्र निदान प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, कारण तिथे वैद्यकीय अधिकारी असतात. त्याच्या वर तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय येते. कान-नाक-घशाचे तज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच मिळतात. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरची मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये, ही आपल्या भागातील लोकांची नेहमीची ठिकाणे आहेत.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे येत असल्याने तिथे थोडेफार शुल्क लागू शकते. आरोग्य केंद्राचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो. नेमकी वेळ दारावरच्या फलकावर लिहिलेली असते. बाजाराच्या दिवशी आसपासच्या दहा गावांची माणसे सामान घ्यायला येतात आणि येता-येता दवाखानाही करून जातात. त्यामुळे निवड हाती असेल तर तो दिवस टाळावा, नसेल तर दार उघडताच रांगेत असावे.

खासगी डॉक्टरांकडे जाण्यात गैर काही नाही. फक्त त्यांच्या फलकावर किंवा चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. मोटारसायकलवर पिशवी अडकवून गावोगाव फिरणारे, घरी येऊन सुई आणि सलाईन लावणारे जे "डॉक्टर" असतात, त्यांच्याकडे बहुधा यातले काहीच नसते. ते उधारीवर औषध देतात, रात्रीही येतात आणि गोड बोलतात, म्हणून लोक त्यांना धरून असतात. लोकांची अडचण मला कळते, कारण दवाखाना बारा किलोमीटरवर असतो आणि सोयाबीन सवंगणीच्या दिवसांत एका दिवसाची मजुरी बुडवणे सोपे नसते. तरीही या सुईत काय असते ते माहीत असायला हवे. पुष्कळदा ते डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड आणि सोबत वेदनाशामक असते. स्टेरॉइडने सूज आणि ताप झपाट्याने उतरतो, माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो आणि सुईला यश आले असे वाटते. आतला संसर्ग मात्र तसाच राहून झाकला जातो, आणि मधुमेह्याची साखर भडकते ती वेगळीच.

निघण्याआधी

एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले, ताप किती आणि केव्हा होता, आतापर्यंत कोणते औषध घेतले, आणि कोणत्या औषधाची कधी ॲलर्जी आली होती का. औषधाचे नाव आठवत नसेल तर रिकामे पाकीट आणावे. कागदाच्या पुडीत सुट्या मिळालेल्या रंगीत गोळ्या असतील तर त्या पुडीसह आणाव्यात. त्या ओळखणे अवघड जाते हे खरे, पण गोळ्या खाल्ल्या हेच लपवले तर डॉक्टरांचा अंदाज पहिल्या पायरीवरच चुकतो.

पॅरासिटामॉल घेऊन गेले तरी चालते, मात्र किती वाजता घेतली ते सांगावे. नाहीतर तपासताना ताप उतरलेला असतो आणि दुखणे किरकोळ वाटते. शक्य असेल तर सकाळी खर्रा, तंबाखू, पान खाऊ नये आणि साध्या पाण्याने चूळ भरून निघावे. हळदीबाबतचा एक प्रसंग इथे सांगण्यासारखा आहे. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी टॉर्च लावली तर दोन्ही टॉन्सिलवर पिवळा थर दिसला आणि त्यांनी पू समजून अँटिबायोटिक लिहायला घेतले. तेवढ्यात पोराच्या शर्टाच्या कॉलरवरचे पिवळे डाग त्यांच्या नजरेस पडले. आजींनी निघतानाच हळद-मधाचे चाटण बोटाने आतपर्यंत लावले होते. पोराला दोन वेळा पाणी पाजून पुन्हा पाहिले तेव्हा टॉन्सिल लालसर होते, पण पू कुठेच नव्हता. हळद लावण्यात वाईट काही नाही, पण तपासणीच्या दिवशी घशाचा रंग जसा आहे तसाच डॉक्टरांना दिसू द्यावा.

डॉक्टरांच्या खोलीत

खोलीत शिरताच "सुई देऊन द्या" असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. पन्नास माणसे रांगेत असताना ही मागणी मान्य करणे डॉक्टरांनाही सोपे वाटते आणि तपासणी तिथेच संपते. त्याऐवजी "तीन दिवसांपासून गिळताना दुखते, ताप 102 पर्यंत जातो, खोकला नाही," असे सांगावे आणि "डॉक्टरसाहेब, एकदा घसा पाहून घ्या," अशी विनंती करावी. या विनंतीचा राग आलेला डॉक्टर मी क्वचितच पाहिला. खुर्ची खिडकीकडे ओढावी, तोंड मोठे उघडावे, जीभ बाहेर न काढता खाली ठेवावी आणि "आ" म्हणत तोंडाने श्वास घ्यावा; म्हणजे लाकडी पट्टीने उबळ येत नाही आणि मागची भिंत नीट दिसते. बनावट दात असतील तर काढावेत.

लहान मुलाला आईने किंवा बापाने मांडीवर डॉक्टरांकडे तोंड करून बसवावे, त्याचे पाय आपल्या दोन्ही गुडघ्यांत धरावेत, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून आडवा घ्यावा आणि दुसऱ्या तळहाताने कपाळ आपल्या छातीशी टेकवावे. असे धरले तर दोन क्षणांत काम होते. चार जणांनी मिळून हातपाय आवळले, तर पोर घाबरून पुढच्या खेपेला दवाखान्याच्या दारातूनच पळते.

डॉक्टर काय पाहतात हे ठाऊक असले तर तपासणी पुरी झाली की नाही ते आपल्यालाही कळते. टॉन्सिलवर सूज किंवा पू आहे का, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दाबल्यावर दुखतात का, ताप आहे का, आणि खोकला नाही ना, या चार खुणा 1981 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सेंटॉर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या आणि आजही जगभर वापरल्या जातात. त्यातल्या जितक्या अधिक जुळतात, तितकी स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूची शक्यता वाढते. एकही जुळत नसेल किंवा एखादीच जुळत असेल तर अँटिबायोटिकची गरज बहुधा नसते. आरोग्य केंद्रात घशाच्या स्रावाची तपासणी सहसा होत नाही, मोठ्या रुग्णालयात होते आणि तिचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून गावपातळीवर डॉक्टर या खुणांवरच निर्णय घेतात आणि ते योग्यच आहे. खासगी प्रयोगशाळांत घशासाठी म्हणून रक्ताची "एएसओ" तपासणी पुष्कळदा सांगितली जाते. तो आकडा आधी होऊन गेलेल्या संसर्गाने वाढलेला असू शकतो, ताज्या घसादुखीचे निदान त्यावरून होत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी ही तपासणी कशासाठी, असे नम्रपणे विचारावे.

टॉन्सिलवर करडा, चिवट, पुसला न जाणारा पडदा दिसला तर घटसर्पाचा संशय घेतला जातो आणि रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवतात. तिथे विषरोधक औषध द्यावे लागते, म्हणून "उद्या जाऊ" म्हणू नये. लहान मुलांचे दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या वयातील पेंटाव्हॅलंटचे डोस, पुढे दीड ते दोन आणि पाच ते सहा वर्षांचे बूस्टर, आणि 10 व 16 व्या वर्षीची टीडीची लस हे सारे घटसर्पापासून बचाव करतात. नव्या गावात बदलून आलेल्या कुटुंबांचे यातले एखादे इंजेक्शन हमखास राहून जाते, म्हणून मुलांचे लसीकरण कार्ड नर्सबाईंना दाखवून घ्यावे.

ताप असेल तर डॉक्टर हिवतापासाठी रक्ताची काचपट्टी घेतील, विशेषतः गडचिरोली आणि जंगलालगतच्या भागात. घसा दुखतो तर बोट कशाला टोचता, अशी हुज्जत घालू नये.

औषध हाती आल्यावर

अँटिबायोटिक लिहिले नाही म्हणून डॉक्टरांनी टाळले असे समजू नये. आणि लिहिले तर ते पूर्ण दिवस घ्यावे. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीवर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन ही जुनी आणि स्वस्त औषधे आजही पहिल्या पसंतीची आहेत आणि ती साधारण 10 दिवस घ्यावी लागतात. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा होतो, ताप जातो, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडतात. हे मी खिडकीवरून शेकडो वेळा ऐकले: "आता बरा झाला, मग कशाला खायाच्या?"

याचे उत्तर घशात नाही, हृदयात आहे. या जिवाणूच्या संसर्गावरचा उपचार अर्धवट राहिला तर दोन ते चार आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा सुजतो, परवा घोटा, आणि त्याच काळात हृदयाच्या झडपांना इजा होत असते, जी सांधे बरे झाल्यावरही राहते. माझ्या ओळखीच्या एका शेतमजूर कुटुंबातील अकरा वर्षांच्या मुलीचे असेच झाले. दिवाळीच्या आधी तिचा घसा दुखला, एका फिरत्या डॉक्टराने सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या, ती शाळेतही जाऊ लागली. कापूस वेचणीच्या दिवसांत तिचे गुडघे सुजले, आईला वाटले की वाकून वाकून दुखले असतील. निदान झाले तेव्हा झडप गळू लागली होती. आता तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, आणि ते अनेक वर्षे घ्यावे लागेल. ती आमच्या खिडकीपाशी येई तेव्हा डाव्या की उजव्या बाजूला, एवढेच विचारी. दुखणे सुरू झाल्यापासून साधारण नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झाले तरी हा धोका टळू शकतो. मुलांच्या बाबतीत एक दिवसही थांबू नये असे मी वर म्हटले ते यासाठी, आणि दोन-तीन दिवस उशीर झाला म्हणून आता जाऊन काय उपयोग असे कोणी समजू नये तेही यासाठीच.

जे रुग्ण 10 दिवस गोळ्या घेणार नाहीत असे डॉक्टरांना वाटते, त्यांना कधी कधी बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन देतात. ते दुखते. आधी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठणे किंवा दम लागणे असे कधी झाले असेल तर ते सांगितलेच पाहिजे, आणि इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावे. ही सुई पाहून, तपासून दिलेली असते, आणि फिरत्या माणसाच्या सुईपेक्षा तिचा वेगळेपणा त्यातच आहे. पेनिसिलिन चालत नसेल तर दुसरे औषध लिहितात. औषधांच्या दुकानात जाऊन "तीन दिवसांचा ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स द्या" असे मात्र परस्पर मागू नये. आणि सलाईनचा आग्रह धरू नये. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याच्यासाठी ते उपयोगाचे असते, पण ज्याला ग्लासभर पाणी पिता येते त्याला त्या बाटलीतून मीठ-पाण्यापलीकडे फारसे काही मिळत नाही.

दुखणे आणि ताप यांसाठी पॅरासिटामॉल पुरेशी असते. प्रौढाने 500 मिलिग्रॅमची एक गोळी, फार दुखत असल्यास दोन, सहा-सहा तासांच्या अंतराने घ्यावी आणि 24 तासांत 4 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये; दारूची सवय किंवा यकृताचा आजार असेल तर मात्रा कमी ठेवावी लागते. मुलांची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती विचारूनच द्यावी. लोक तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटे आणतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉलच असते, म्हणून पाकिटावरच्या मोठ्या नावाखालचे बारीक अक्षर वाचावे किंवा कोणाकडून वाचून घ्यावे. 16 वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकपासून दूर राहावे.

घरी

ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या कराव्यात. लहान मुले ते पाणी गिळतात, म्हणून त्यांना भाग पाडू नये. मध चालतो, पण एक वर्षाखालील बाळाला देऊ नये. ठेचा, रस्सा आणि कडक भाकर काही दिवस बाजूला ठेवून ज्वारीच्या कण्या पातळ करून ताकासोबत, भाताची पेज, मुगाचे पातळ वरण असे मऊ द्यावे. थंड पाण्याने घसा बिघडतो या समजुतीने कोणाला पाणी नाकारू नये. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांवर जातो, आणि दुखते म्हणून पाणी न पिणारे मूल एका दुपारीत सुकते. लघवी गडद झाली, किंवा सात-आठ तास झालीच नाही, तर दवाखाना गाठावा. चुलीचा धूर आणि मिरची कुटण्याची खोली रुग्णापासून लांब असावी. अँटिबायोटिक सुरू होऊन 24 तास झाले आणि ताप उतरला, की मुलाला शाळेत पाठवता येते. तोपर्यंत त्याचा पेला वेगळा ठेवावा.

परत केव्हा दाखवायचे

औषध सुरू होऊन दोन-तीन दिवसांत उतार नसेल, औषध घेतल्यावर पुरळ उठले असेल, किंवा घशाची एकच बाजू अधिक ठणकू लागली आणि तोंड उघडेनासे झाले असेल, तर पुन्हा जावे आणि पहिला केसपेपर सोबत न्यावा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तरी पहिली चिठ्ठी लपवू नये. घसा बरा झाल्यावर महिनाभर मुलाकडे लक्ष ठेवावे: सांधे सुजणे, चालताना धाप लागणे, हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, सकाळी डोळ्यांखाली सूज, किंवा चहासारखी तांबूस लघवी यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना "महिन्यापूर्वी घसा दुखला होता" हे आठवणीने सांगावे, कारण मूत्रपिंडाचा आजारही याच जिवाणूच्या मागून येऊ शकतो आणि घशाचा उल्लेख झाला नाही तर दोन्हींचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रौढांसाठी एक वेगळी मुदत आहे, ती तीन आठवड्यांची. खर्रा, तंबाखू किंवा बिडीची सवय असलेल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, घशाच्या एकाच बाजूचे दुखणे कानापर्यंत जात असेल, मानेत न दुखणारी टणक गाठ असेल, किंवा तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तर गोळ्यांचे तिसरे पाकीट न घेता कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे जावे. आरोग्य केंद्रातून संदर्भ चिठ्ठी घ्यावी. ती असली की मोठ्या रुग्णालयात कोणत्या खोलीसमोर बसायचे ते पहिल्याच खिडकीवर कळते. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, पण तिथे जाण्याची वेळ आली की नाही हे आधी जिल्ह्याच्या ठिकाणी घसा दुर्बिणीने पाहून ठरवता येते. एकट्याने जाऊ नये, घरचे कोणीतरी सोबत असावे. सकाळच्या पहिल्या एसटीने निघावे, कारण तज्ज्ञांच्या नोंदणीची खिडकी लवकर बंद होते आणि ती चुकली तर मुक्काम पडतो.